ईश्वरीदादीचा काटा

सिंधीत दादी म्हणजे मोठी बहीण. हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यामुळे उल्हासनगरात कुणी ईश्वरीदादी बायकांना मोटार शिकवतात असं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा काठी टेकत चालणारी, पांढऱ्या केसांची एक आजी माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मला हसू आलं. प्रत्यक्षात कॅम्प तीन नावाच्या तिथल्या वस्तीतल्या त्यांच्या क्लासच्या पायऱ्या चढून गेले, तर समोर पन्नाशीच्या आतबाहेरची, उंच, रुंद खांद्यांची बाई उभी होती. फिकट रंगाचा सलवार-कमीज, पायात शाळेतली मुलं घालतात तसले कॅनव्हासचे बूट, आणि ओढणी खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेशी घट्ट गाठ मारलेली. सुटी ओढणी गिअरच्या दांड्यात अडकते म्हणून ती गाठ. साडीवाल्या बायकांनाही त्या पदर खोचल्याशिवाय गाडीत बसू देत नसत.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी अंबरनाथला एका शाळेत शिकवत होते. आमचे हे तिथल्याच एका केमिकलच्या कारखान्यात ऑफिसर होते. त्यांनी हौसेनं जुनी फियाट घेतली, दोन दिवस चालवली आणि तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या भिंतीवर घातली. भिंतीचं काही बिघडलं नाही, गाडीचंही फारसं नाही, पण ह्यांचं मन जे उडालं ते उडालंच. गाडीवर ताडपत्री पडली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, ताडपत्री तशीच. रोज शाळेला जाताना ती बघून मला कसंतरी व्हायचं. शेवटी मी म्हटलं, तुम्ही नाही तर मी शिकते. ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता, बघ बाई, एवढंच म्हटलं.

क्लास म्हणजे एक अरुंद खोली होती. खाली जीन्स शिवणाऱ्यांचा कारखाना, त्यामुळे शिलाई मशिनांचा खडखडाट जमिनीतून पायांना जाणवायचा. खोलीत एक टेबल, आणि टेबलामागे दादींचे यजमान, लछूदादा. गेल्या गेल्या त्यांनी आधी भाजलेला पापड आणि पाणी पुढे केलं, मग नाव विचारलं. त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत आक्रसलेला होता आणि मान नि गालाच्या एका बाजूची कातडी ओढल्यासारखी चकचकीत. उजवा डोळा अर्धवट मिटलेला. ते डाव्या हातानं लिहायचे, सावकाश आणि फार सुंदर.

माझ्याबरोबर त्याच आठवड्यात वसुधा कर्णिक आली. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली. तिचा नवरा मुंबईला नोकरीला, घरी सासऱ्यांना हृदयाचा त्रास, आणि दारात त्यांचीच गाडी. रात्रीबेरात्री काही झालं तर नेणार कोण, म्हणून ती शिकायला आली होती. दादींनी आम्हा दोघींची जोडी लावून टाकली. मला त्या टीचर म्हणत, तिला वसू.

पहिल्या दिवशी मी स्टिअरिंगवर बसले, तर दादी म्हणाल्या, हात मांडीवर ठेव. गाडी चालू केली आणि शेजारी हाताची घडी घालून बसल्या. मला वाटलं, कुणाची तरी वाट बघतायत. थोड्या वेळानं मी विचारलं, निघायचं का? त्या म्हणाल्या, “पहिले काटा बघ. गाडी आत्ता झोपलेली आहे.”

काटा म्हणजे इंजिनाच्या गरमीचा. वेगाचा काटा सगळ्यांना माहीत असतो, पेट्रोलचा काटा तर नवऱ्यालाही माहीत असतो, असं त्या म्हणत. हा तिसरा कोपऱ्यात असतो, एका टोकाला सी, दुसऱ्या टोकाला एच, आणि कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. त्या दिवशी आम्ही दोघींनी तेवढंच केलं. काटा सीजवळ पडलेला होता. मग तो हलला की नाही हलला असं वाटेपर्यंत वर सरकला, सरकत सरकत मधल्या खुणेच्या थोडा अलीकडे आला आणि तिथे स्थिरावला. दादींनी गाडी बंद केली. म्हणाल्या, “हे तिचं घर. इथे असली तर सुखी आहे. घर सोडून निघाली, की विचार, कुठे चाललीस.”

वसुधा घरी जाताना रिक्षात माझ्यावर चिडली होती. फी भरून आपण काटा बघायला आलो का, म्हणून. मी शिक्षिका. मला मात्र बाईंचं धाडस आवडलं होतं. पहिल्या तासाला मुलांना काहीही न करता एकाच गोष्टीकडे बघायला लावणं सोपं नसतं.

पुढे गाडी चालवायला लागलो तरी काटा सुटला नाही. शहाडच्या पुलावर पुढे ट्रक, मागे ट्रक, मी घामानं निथळतेय, क्लच की ब्रेक हे पायाला कळत नाहीये, आणि शेजारून आवाज यायचा, काटा कुठे? मी सांगायचं, घरी. मग त्या खिडकीबाहेर बघायला मोकळ्या. एकदा मी न बघताच घरी म्हणून सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे गाडी बाजूला घ्यायला लावली, आणि न रागावता म्हणाल्या की, बघितलं नाहीस तर नाही बघितलं म्हण, त्याचं मला काही नाही, पण न बघता सांगू नकोस. उद्या असं सांगणारा माणूस तुझ्या शेजारी बसला असेल तर तू कुणाच्या भरवशावर गाडी चालवशील? पुढे वर्गात मुलींना हेच मी कितीतरी वेळा सांगितलं, दादींचं नाव न घेता.

त्यांचं मराठी त्यांचं स्वतःचं होतं. शेजारच्या एका मराठी कुटुंबाकडून लहानपणी उचललेलं, त्यात कॅम्पमधल्या बाजाराची हिंदी कालवलेली. काटा कधी गेला तर कधी गेली. घाई झाली की मात्र सगळं सोडून त्या सिंधीवर यायच्या. समोरून बैलगाडी आली की ओरडायच्या, “साजे! साजे!” म्हणजे उजवीकडे, आणि “खाबे!” म्हणजे डावीकडे. आमच्या बॅचच्या सगळ्या बायका डावं-उजवं सिंधीतच शिकल्या. वसुधा आजही नवऱ्याला खाबे घे म्हणते आणि तो बिचारा घेतो.

रस्ते त्यांच्या अजिबात लक्षात राहत नसत. इंजिनातला प्रत्येक नळ कुठून कुठे जातो ते सांगतील, पण कॅम्प पाचमधून अंबरनाथच्या शिवमंदिराकडे जायचं म्हटलं की हमखास चुकायच्या, आणि चुकल्या की आम्हालाच दटावायच्या, की तुम्ही इथल्या राहणाऱ्या ना. स्वयंपाकही यथातथाच. पापड लछूदादाच भाजत.

लछूदादांच्या हाताबद्दल विचारायचं धाडस आम्हाला झालं नव्हतं. एकदा दादींना यायला उशीर झाला, तेव्हा त्यांनी आपणहूनच सांगितलं. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि गाडी त्यांची स्वतःची, हीच. मुरबाडच्या बाजूला एका लग्नाला गेले होते. परतताना बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडीत बायको, बहीण, मुलं, उन्हाचा कहर, आणि रस्त्यावर थांबलेली चार माणसं चार सल्ले देणारी. त्यातला एक म्हणाला, शेठ, झाकण खोला, पाणी टाका. लछूदादांनी रुमाल धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. आतलं उकळतं पाणी दाबाखाली असतं, झाकण सुटलं की ते थेट तोंडावर येतं, हे त्यांना माहीत नव्हतं असंही नाही. “माहीत होतं, बेटा,” ते म्हणाले. “पण गाडीपेक्षा मी जास्त गरम झालो होतो.”

काटा केव्हाचा लाल रेघेवर होता, तो बघितलाच नव्हता, हे त्यांनी शेवटी सांगितलं. मग दवाखाने झाले. दुकान भावानं सांभाळलं आणि हळूहळू भावाचंच झालं. कल्याणला, मुंबईला पट्ट्या बदलायला जायचं, तर टॅक्सी कितीदा करणार? तेव्हा दादींनी गाडी शिकायची ठरवली. शिकवली कुणी? लछूदादांनीच. गळ्यात हात अडकवलेला, डोळ्यावर पट्टी, आणि शेजारच्या सीटवर बसून ते सांगायचे, आता क्लच सोड, आता रेस दे. पट्टी बांधलेल्या माणसाला एक बाई गाडीतून नेते, हे बघून गल्लीतल्या दोघीतिघी विचारायला आल्या की आम्हालाही शिकवाल का. असा क्लास सुरू झाला. हे सांगताना लछूदादांच्या चेहऱ्यावर दुःख कुठे नव्हतं. उलट आपली विद्यार्थिनी नाव काढते आहे अशा थाटात ते बोलत होते. तेवढ्यात दादी आल्या, त्यांनी आमचे चेहरे बघितले आणि काय चाललं होतं ते ओळखलं. किल्ली घेतली आणि खाली गेल्या.

दादींचा एक मिस्त्री होता, शहाड स्टेशनजवळ, रफीक नावाचा. कामाला चोख, पण एकदा त्यानं भलतीच मेहरबानी केली. गाडी परत आली आणि दुसऱ्या दिवशी काटा हलेचना. अर्धा तास चालवली तरी सीपाशीच. आम्हाला वाटलं, बरं झालं, गाडी थंडगार आहे. दादींनी तिथूनच गाडी शहाडला घ्यायला लावली. रफीकनं छाती फुगवून सांगितलं, की थर्मोस्टॅट काढून टाकला मॅडम, आता कधीच गरम होणार नाही. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची एक छोटी झडप. इंजिन गार असताना बंद राहते, पुरेसं तापलं की उघडते. ती काढली की पाणी पहिल्यापासून गार होत फिरत राहतं आणि इंजिन कधी ऊबच धरत नाही. पेट्रोल जास्त पितं आणि आतून झिजतं.

दादींनी वाद घातला नाही. त्याच्या दुकानातलं एकुलतं एक स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या. म्हणाल्या, लाव परत, मी बसते. रफीक म्हणाला, उद्या या. त्या बसून राहिल्या. त्यानं चहा मागवला, त्यांनी तो घेतला. गिऱ्हाइकं येत होती, स्टुलावर ही बाई बघून चमकत होती. शेवटी त्यानं डब्यातून ती झडप शोधून काढली आणि हसत हसत बसवली. निघताना दादी आम्हाला म्हणाल्या, जास्त गरम वाईट हे सगळ्यांना कळतं. अजिबात गरम न होणं पण वाईट, हे समजायला बसून राहावं लागतं.

प्रत्येक बॅचला परीक्षेआधी त्या एकदा लांब न्यायच्या. आम्हाला त्यांनी बदलापूरच्या पलीकडे बारवी धरणाकडे नेलं. मे महिना होता, सकाळी लवकर निघालो. जाताना वसुधानं चालवली, येताना माझी पाळी. धरणापासून थोडं इकडे आलो, तर रस्त्यात दोन माणसं हात हलवत आडवी उभी. मी कशीबशी थांबवली. त्यातला थोरला, नामदेव नाव त्याचं, धापा टाकत सांगायला लागला. आत ठाकरवाडी होती, त्याचा धाकटा भाऊ काळूराम जांभळं काढायला झाडावर चढला होता, फांदी मोडून खाली आला. मांडीचं हाड मोडलं होतं आणि बाहेर आलं होतं. बस दुपारशिवाय नाही. झोळी करून न्यायचं, तर बदलापूरपर्यंत तो राहतो की नाही, अशी त्याला भीती.

दादींनी मला उठवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. वाडीपर्यंत गाडीवाट कसली, नांगरटीतून आणि दगडांवरून गेलेली पायवाटच. गाडी खालून दोनदा दणदणीत आपटली. वाडीतल्या लोकांनी काळूरामच्या पायाला बांबूच्या कांबी बांधल्या होत्या, वरून लुगड्याचं धडपं आवळलं होतं, पण ते भिजत चाललं होतं. त्याला मागच्या सीटवर आडवा ठेवला. डोकं बायकोच्या, बुधीच्या मांडीवर, आणि नामदेव खाली पाय ठेवायच्या जागेत उकिडवा, भावाचा पाय धरून. पुढची सीट सलग होती. दादी, मधे मी, दाराशी वसुधा. दादी म्हणाल्या, “टीचर, तू रस्ता बघू नको. काटा सांग.”

मी सांगत राहिले. पक्क्या रस्त्याला लागलो तेव्हा काटा घरी होता. थोडं पुढे आल्यावर मधल्या खुणेवर आला, मग ओलांडून गेला. दादींनी वेग कमी केला. काटा चढतच होता. पाऊण वाट चढला, लाल रेघेशी टेकायला आला, माझा आवाज मलाच बारीक वाटायला लागला. मागे काळूराम कण्हत होता, प्रत्येक खड्ड्याला त्याचं कण्हणं वाढत होतं. आणि मग एकाएकी काटा उतरायला लागला. झरझर उतरला, घर ओलांडून पार सीकडे.

मी म्हटलं, दादी, खाली आला. वसुधानं देवाचं नाव घेऊन हात जोडले. नामदेव मागून म्हणाला, आता हाणा बाय गाडी.

दादींनी त्याच क्षणी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. उतार होता, गाडी तशीच घरंगळत एका आंब्याच्या सावलीत आणली आणि थांबवली.

नामदेवला काही समजेना. आम्हालाही नाही. तो उतरून दादींच्या खिडकीशी आला. “बाय, गाडी कशाला हुबी केली? काटा खाली आला बोलली ना ही? ह्यो जाईल अशानं.”

दादींनी त्याच्याकडे बघून सांगितलं, शांतपणे, की काटा पाणी किती तापलं ते दाखवतो. आत पाणीच उरलं नाही, तर तो दाखवणार काय? इंजिन गार झालं नाही, काटा आंधळा झाला. “आत्ता थांबलो तर पोचू. नाही थांबलो तर पुढच्या वळणावर गाडी मरेल, मग हा इथेच राहील. मी पोचवते तुझ्या भावाला. मला थोडा वेळ दे.”

त्यांनी वसुधाला रस्त्यावर उभी केली, दुसरी कुठली गाडी आली तर हात दाखवायला. आली असती तर काळूरामला तिच्यात घातला असता, यात त्यांना कमीपणा नव्हता. पण कुणी आलं नाही. बॉनेट उघडलं. खालच्या बाजूचा जाड रबरी पाइप दगडाला घासून फाटला होता आणि पाणी वाटभर सांडत आलं होतं. इंजिनावरून जी धग येत होती ती मला हातभर लांबून तोंडावर लागत होती. नामदेव कुठूनसा डबा घेऊन धावला. धरणाचं पाणी शहराकडे नेणारी पाइपलाइन रस्त्याच्या कडेनं जाते, तिच्या एका गळक्या व्हॉल्वपाशी त्यानं डबा भरला आणि तसाच झाकणाकडे हात घातला.

दादी मधे आल्या. दोन्ही हात पसरून त्याच्या आणि गाडीच्या मधे उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मला दिसत होता. रागावलेला नव्हता, घाबरलेलाही नव्हता. त्या म्हणाल्या, “माझ्या माणसाचा हात गेला यात. तुझा जाऊ देणार नाही.” आमच्यासमोर त्या त्याबद्दल बोलल्या ते एवढंच. नामदेव थांबला. डबा खाली ठेवून रस्त्याच्या कडेला जाऊन बसला आणि डोकं धरून रडायला लागला.

इंजिन निवेपर्यंत जो वेळ गेला तो मोजायचं मला सुचलं नाही. दादींनी तो रिकामा जाऊ दिला नाही. डिकीतून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढली, गाडीखाली सरकल्या, आणि फाटलेल्या पाइपावर ती ताणून ताणून गुंडाळली, वरून तार आवळली. कॅनव्हासचे बूट तेवढे बाहेर दिसत होते. मग हात पुसून मागच्या दाराशी गेल्या आणि काळूरामशी बोलत बसल्या. जांभळं कुठे विकतोस, बदलापूरला की अंबरनाथला, टोपलीला काय देतात, मला कधी चांगली मिळत नाहीत, सगळी तुरट. त्यानं डोळे उघडून उत्तर दिलं, की स्टेशनवरची घ्यायची नाहीत, ती कच्ची झोडपलेली असतात. बुधी पदरानं त्याचा घाम टिपत होती. ती पहिल्यांदा त्याच्याकडून नजर काढून दादींकडे बघून किंचित हसली.

मग त्यांनी आम्हाला सगळ्यांना दूर केलं. ओला पंचा चौपदरी करून झाकणावर टाकला, तोंड एका बाजूला वळवलं आणि झाकण केसभर फिरवलं. थोडीशी वाफ फुसफुसली. त्या तशाच थांबल्या, पूर्ण फुसफुस संपेपर्यंत, मगच झाकण काढलं. इंजिन चालू केलं आणि पाणी थोडं थोडं, धारेनं ओतलं, कारण तापल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडलं तर ते तडकतं. झाकण परत लावताना अर्धंच फिरवलं, म्हणजे आत दाब चढून बांधलेला पाइप सुटू नये. डबा पुन्हा भरून माझ्या पायाशी ठेवला.

बदलापूरपर्यंत आम्ही बैलगाडीपेक्षा थोडंच जास्त वेगानं आलो. मी काटा सांगत होते आणि आता मला ठाऊक होतं की मी काय बघते आहे. एकदा तो चढला, आम्ही थांबलो, पाणी घातलं, पुन्हा निघालो. या वेळी नामदेवनं स्वतःच उतरून डबा दादींच्या हातात दिला.

गावातल्या एका डॉक्टरांनी काळूरामचं रक्त थांबवलं, सलाइन लावलं आणि त्याला पुढे उल्हासनगरच्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. तो जगला. पाय थोडा आखूड राहिला, पण पुढल्या वर्षी तो चालत होता, आणि त्यानंतर बरीच वर्षं जांभळांच्या दिवसांत क्लासच्या टेबलावर पानं झाकलेली टोपली येत राहिली. लछूदादा ती आम्हा सगळ्यांना वाटायचे आणि त्यांची जीभ जांभळी झालेली असायची.

त्या दिवशी मात्र बदलापूरच्या त्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर आलो, तेव्हा दादी पायरीवर बसल्या. ओढणीची गाठ सोडली, तोंड पुसलं. काळे झालेले हात ओढणीलाच पुसले. मग किल्ली माझ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, तू चालव. पाइप बदलून घेतल्यावर मी गाडी अंबरनाथवरून उल्हासनगरपर्यंत नेली. त्या शेजारी डोळे मिटून बसल्या होत्या. सबंध वाटेत त्यांनी एकदाही काटा कुठे म्हणून विचारलं नाही. लायसन्स मला नंतर मिळालं, पण मला गाडी येते हे मला त्या वाटेवर कळलं.

ताडपत्री निघाली. आमचे हे माझ्या शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत कारखान्यात जाऊ लागले. वसुधानं दोन वर्षांनी एका पहाटे सासऱ्यांना स्वतः हॉस्पिटलात नेलं, आणि ते त्यानंतर पुष्कळ वर्षं तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवायला घरी राहिले.

नव्वदनंतर सगळीकडे नव्या छोट्या गाड्या दिसू लागल्या. कॅम्पमध्ये गल्लोगल्ली मोटार शिकवणारे क्लास निघाले, पाट्या रंगवलेले, पंधरवड्यात लायसन्सची हमी देणारे. दादींकडे शिकायला येणाऱ्या बायका कमी झाल्या नाहीत. आया आता मुलींना घेऊन येत. लछूदादा मधल्या काळात झोपेतच गेले. आम्ही भेटायला गेलो तर त्या टेबलामागे त्यांच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि नवी आलेली एक मुलगी समोर उभी होती. दादी तिला पापड देत होत्या, करपलेला.

त्यांनी क्लास बंद केला ते मला वसुधाकडून कळलं. वसुधाची पुतणी तेव्हा त्यांच्याकडे शिकत होती. कल्याणच्या रस्त्यावर मुलगी चालवत होती, आणि दादींनी शांतपणे गाडी बाजूला घ्यायला सांगितली. म्हणाल्या, मी काट्याकडे बघते तेव्हा मला रस्ता दिसत नाही, आणि रस्त्याकडे बघते तेव्हा काटा दिसत नाही. पूर्वी दोन्ही एकदम दिसायचं. मुलीला वाटलं, ऊन लागलं. दादींनी तिला गाडी क्लासपर्यंत न्यायला लावली, उरलेल्या शिकवण्यांची व्यवस्था एका जुन्या विद्यार्थिनीकडे लावून दिली, आणि मगच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर टिकवता येईल. मुलगा पुण्याला होता, तो न्यायला आला. त्या गेल्या नाहीत. मी दोनदा भेटले, तेव्हा त्यांनी डोळ्यांबद्दल एक वाक्यही काढलं नाही. माझी गाडी कशी आहे, पाणी कधी बदललं, एवढंच विचारलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते कॅम्प तीनच्या बाजारात. संध्याकाळची गर्दी, शेअर रिक्षात मी मागे दोघींच्या मधे कोंबलेली. शेजारून दुसरी शेअर रिक्षा अगदी चिकटून पुढे गेली. तिच्यात दादी पुढे बसल्या होत्या, ड्रायव्हरच्या शेजारी, अर्ध्या सीटवर. ड्रायव्हर मिसरूड फुटलेला, बहुधा नवाच. त्यांनी एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला होता आणि मान झुकवून त्याच्या कानाशी काहीतरी सांगत होत्या. मशिनांच्या आणि हॉर्नच्या आवाजात मला एक शब्द ऐकू आला नाही. पण त्याची रिक्षा जी आतापर्यंत हिसके खात चालली होती, ती पुढच्या चढावर हलकेच गिअर बदलून वर गेली, आणि तो दात काढून हसला.

हाक ऐकू गेली असती, एवढ्या त्या जवळ होत्या. मी मारली नाही. त्या शिकवत होत्या.